करडी अक्षरं

दीपमाला तायडे टाइप करताना स्क्रीनकडे बघत नसे. ही खोड नव्हे, शिस्त होती. अमरावतीच्या राजापेठेत एका माडीवर टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथले सर लाकडी पट्टी घेऊन मशीनींच्या रांगांमधून फिरायचे आणि जिची नजर रुळावरच्या कागदाकडे गेली तिच्या बोटांवर पट्टी बसायची. नजर मजकुरावर ठेवायची, नाहीतर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे. परिच्छेद संपला की ओळ सोडायची, टॅब मारायचा आणि पुढे निघायचं. नव्या परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकलेली नसेल तर सर अख्खा कागद फाडायचे. दीपमालाचा कागद फाडायची वेळ त्यांच्यावर दोनदाच आली.

त्या शिस्तीवर तिला अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखकाची नोकरी लागली. एकोणतीस वर्षं तिनं अप-डाऊन केलं. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. तिचं काम मुख्यतः चौकशीतले जबाब घेण्याचं. समोरचा माणूस पोटतिडकीनं सांगायचा, "मले त्यानं ढकललं साहेब, मी काहून खोटं बोलीन?" आणि कागदावर उमटायचं, 'मला त्याने ढकलले. मी खोटे बोलत नाही.' बोलण्याच्या अर्थात शिरायचं नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. अर्थात शिरलं की बोटं अडखळतात आणि रात्री जेवण जात नाही. माणसाच्या ओठांकडे बघायचं, बोटं चालवायची. साहेब लोक म्हणायचे, तायडेबाईंच्या कागदात चूक काढून दाखवा. कोणी काढली नाही.

लग्न तिनं केलं नाही. दोन-तीन स्थळं आली, गेली, मग यायची थांबली. फ्रेझरपुऱ्यातल्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील किसनराव, म्हणजे आबा. आबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचे खड्डे बुजवणारे, कडेच्या झाडांना चुना मारणारे. पुढे मुकादम झाले. पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. तिची वेणी घातली, तिच्या शाळेत गेले, आजारपणं काढली. दुसरी बायको केली नाही. या सगळ्याबद्दल दीपमालाच्या मनात त्यांच्याविषयी इतकी माया होती की एक गोष्ट त्यांना विचारायची ती वर्षानुवर्षं टाळत आली.

ती गोष्ट म्हणजे तिची आई. सुंदराबाई त्र्याहत्तर साली दुष्काळात तापानं गेली, तेव्हा दीपमाला अडीच वर्षांची होती. आईचा फोटो नाही. तिचा आवाज, चेहरा, वास, काही म्हणजे काही आठवत नाही. लहानपणी विचारलं की आबा उठून बाहेर जायचे. आत्याला विचारलं की ती म्हणायची, "तुह्या बापालेच विचार." आत्या कोरोनात गेली, पुंजाराममामा त्याच्या आधीच गेला होता. सुंदराबाईला ओळखणारं माणूस घरात एकच उरलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्या माणसाचं विसरणं सुरू झालं.

चांदूर बाजारच्या रस्त्यावरचा कोणता मैल कोणत्या साली खचला ते आबा अजून बिनचूक सांगायचे. पण सकाळी चहा घेतला की नाही ते आठवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ताजं आधी जाईल, जुनं नंतर. दीपमालानं नोकरीची उरलेली वर्षं सोडून दिली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका दुपारी ती म्हणाली, "आबा, तुमी सांगा, मी लिहिते. तुमच्या जिंदगीचं पुस्तक करू."

आबांना ते फार आवडलं. आयुष्यभर त्यांनी साहेबांना खुर्चीत रेलून मजकूर सांगताना पाहिलं होतं. आता ते खुर्चीत आणि लेक टायपिंगला. दीपमालाच्या पोटात मात्र एकच होतं. रस्ते झाले, गिट्टी झाली, मुकादमकी झाली की गाडी आईवर येईल. जुनं पुसलं जायच्या आत ती आपल्या हाताला लागली पाहिजे, बस.

रोज दुपारी दोन ते चार बसायचं ठरलं. बाहेर वऱ्हाडचा एप्रिल, आत घरघरणारा कूलर. कॉम्प्युटर तिचा जुनाच, चार जीबीचा. त्यावर ती निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज आणि प्रबंध टाइप करून द्यायची. आबा बोलायचे, तिची नजर त्यांच्या ओठांवर. ते थांबले की ती ओळ सोडायची आणि बोटं तयारीत ठेवून वाट बघायची. ते पुन्हा बोलू लागले की टॅब, आणि पुढे. आबांची वऱ्हाडी तिच्या बोटांतून जाता जाता आपोआप सरळ होत होती. कचेरीची सवय, ती काही जाता जाईना.

मे लागला आणि आबा आईवर आले. आले, पण थांबून थांबून. एक वाक्य बोलायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. दीपमाला हू की चू करायची नाही, न जाणो, धागा तुटायचा. ओळ सोडून बसून राहायची. दोन आठवड्यांत अकरा पानं झाली. रोज सकाळी चहानंतर ती आदल्या दिवशीचं छापून त्यांना वाचून दाखवायची.

आणि काय सुंदर पानं होती ती! सुंदराबाई पहाटे उठून जात्यावर ओव्या म्हणत असे. तिच्या चेहऱ्यावर कायम समाधान असे. लेकीला पाळण्यात घालून ती तिच्याकडे तासन् तास बघत बसे. दीपमाला वाचता वाचता थांबायची, चष्मा पुसायची. पंचावन्नाव्या वर्षी तिला आई मिळत होती. काही वाक्यं जरा जास्तच गुळगुळीत होती. एका पानावर 'ती फारशी बोलत नसे' होतं आणि लगेच पुढे तिच्या गोड गप्पा होत्या. पण म्हाताऱ्या माणसाचं आठवणं असंच पुढेमागे होणार, असं ती स्वतःला समजवायची. खरं सांगायचं तर तिला शंका घ्यायचीच नव्हती.

नवव्या पानावर होतं, 'शेवटच्या क्षणी मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिने माझा हात हातात घेतला आणि क्षीण आवाजात म्हणाली, आपल्या दीपाला खूप शिकवा.'

ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा दीपमालाला पुढचं वाचवेना. तिचं सगळं आयुष्य, ती माडी, ती पट्टी, एकोणतीस वर्षांची बडनेऱ्याची गाडी, सगळं कोणाच्या तरी सांगण्यावरून झालं होतं. आईच्या. आबांनी विचारलं, "असं म्हटलं मी?"

"हाव आबा. कालच तं सांगतलं."

"फिरून वाच."

तिनं वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग रोज सकाळी तेच सुरू झालं. दुसरं काही नको, ते पान वाच.

कॉम्प्युटर मात्र मे महिन्यात पार मेटाकुटीला आला होता. अक्षर दाबलं की दोन सेकंदांनी उमटायचं, डबा हात लावू देत नव्हता इतका तापायचा, आणि आठवड्यात तीनदा जागच्या जागी थिजला. पुस्तकच गमावून बसू, या धास्तीनं तिनं संघपाल वानखडेला बोलावलं. संघपालचं इर्विन चौकाकडे दुरुस्तीचं दुकान. वय पन्नाशीचं, हात गुणी, तोंड त्याहून.

"जयभीम ताई," म्हणत तो बसला आणि मशीनची मेमरी कोण किती खातंय त्याची यादी त्यानं उघडली. बघता बघता हसायला लागला. "चार जीबीची मशीन हाय तुमची. त्यातली निम्मी तं हे एकटंच खाऊन राहिलं."

"कोन?"

"एआय वो ताई. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमंदी आलं ना आता. तुमी मांगितलं नव्हतं, मी बी मांगितलं नव्हतं. अपडेटसंगं आलं अन् घरजावई होऊन बसलं. मार्चपासून हाय इथं. तुमी काई लिवो, न लिवो, हे मागं बसून इचारच करून राहते. मशीन तापन नाई तं काय होईन? बंद करून टाकतो. लोणी होते का नाई मशीन, पाहा."

त्यानं सेटिंग उघडली. तिथं 'लिहिताना मदत' पुढे बरोबरची खूण होती, तिच्या खाली आणखी चार खुणा. तो खुणा काढणार तेवढ्यात थांबला. "आधी तुमाले दाखोतो, हे करते काय ते. नाई तं उद्या म्हणसान, संघपालनं माहं काहीतरी उडोलं."

त्यानं कोरं पान घेतलं, 'माझी आई' एवढं टाइप केलं, ओळ सोडली आणि हात मांडीवर ठेवले. दीपमाला चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होती. रिकाम्या ओळीवर काही क्षण नुसती रेघ लुकलुकली. मग फिकट करड्या रंगात एकेक शब्द उमटत गेला. 'ती अत्यंत प्रेमळ आणि कष्टाळू होती. पहाटे उठून जात्यावर दळताना ती गोड आवाजात ओव्या म्हणत असे.'

"हे पाहा," संघपाल म्हणाला. "आपन दुसरं काई लिवलं तं हे निघून जाते. अन् टॅब दाबला का..." त्यानं टॅब दाबला. करडी अक्षरं काळी झाली. "आपलं होऊन जाते."

"टॅब?" दीपमालानं विचारलं.

"हाव, टॅब. लय सोपं ठेवलं त्याईनं."

तिनं दाराची चौकट धरली. संघपालनं तिच्याकडे पाहिलं, पाणी आणून दिलं, ऊन लागलं असन म्हणाला. मग पाचही खुणा काढून टाकल्या, मशीन बंद करून चालू केली. खरोखरच ती लोण्यासारखी चालायला लागली. डब्यातला पंखा शांत झाला. "पाहा, निम्मी मेमरी मोकळी झाली," संघपाल खूश होऊन म्हणाला आणि निघून गेला.

दीपमालानं छापलेली पानं काढली. ती टंकलेखक होती, तिला शोधायला फार वेळ लागायचा नव्हता. तिच्या टॅबनं ओळ आत सरकायला हवी होती. जिथं टॅब करड्या अक्षरांनी गिळला, तिथं ओळ समासाला चिकटून सुरू झाली होती. असे परिच्छेद मधूनमधून तिच्या डोळ्यांना खुपले होते. सॉफ्टवेअरचा चावटपणा, शेवटी एकदम सरळ करू, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. माडीवरच्या सरांनी पहिलाच कागद फाडला असता.

रस्त्याच्या पन्नास पानांत असे तीन परिच्छेद निघाले. आबा तिथं थांबलेच नव्हते, धो धो बोलले होते. आईच्या अकरा पानांत एकही परिच्छेद आत सरकलेला नव्हता. एकही नाही.

म्हणजे आबा जेव्हा जेव्हा गप्प बसले, तेव्हा तेव्हा कोणीतरी बोललं होतं. आणि तिनं, जिच्या कागदात कोणाला चूक सापडली नाही तिनं, त्या बोलण्यावर स्वतःच्या करंगळीनं मान्यतेचा शिक्का मारला होता. प्रत्येक परिच्छेदाच्या शेपटाला आबांचं म्हणून वाटावं असं थोडंसं काही होतं. ती बारीक होती. तिच्या पायात चप्पल नसे. ती फारशी बोलत नसे. पेन्सिलीनं खुणा करत गेल्यावर अकरा पानांत सात ओळी उरल्या. दीपमालाला त्या दिवशी आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी तिला कळत होतं.

पण ती हातपाय गाळून बसणारी नव्हती. आबा आहेत, मशीन आता स्वच्छ आहे, पुन्हा विचारू. दुसऱ्याच दिवशी तिनं सुरुवात केली. सात दिवस काढले. आबा थांबत, ती थांबे. ते काही बोललेच तर अर्धंमुर्धं, रस्त्याचं. आठव्या दिवशी डब्यातला पंखा पुन्हा गुरगुरायला लागला, पण आबांचे ओठ हलत होते म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

"आबा, आई गेली तवाचं सांगा ना," ती म्हणाली.

आबा भिंतीकडे बघत राहिले. दीपमालानं ओळ सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा, सांगणारा समोर असताना, मान वळवून स्क्रीनकडे बघितलं.

करडी अक्षरं येत होती. कोपऱ्यात एक छोटी पाटी होती, 'अपडेट पूर्ण झाले. तुमच्या सोयीसाठी लिहिताना मदत पुन्हा सुरू केली आहे.' आणि ओळीवर शब्दामागून शब्द उमटत होता. 'शेवटच्या क्षणी मी तिच्या उशाशी'

"शेवटच्या क्षणी," मागून आबांचा आवाज आला, "मी तिच्या उशाशी बसलो होतो."

ती गर्रकन वळली. आबा भिंतीकडेच बघत होते. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती, दिसली असती तरी त्यांच्या मोतीबिंदूला ती अक्षरं लागली नसती. "तिने माझा हात हातात घेतला," ते म्हणाले, एकेक शब्द नीट, शाळेतल्या मुलानं धडा म्हणावा तसा. हा माणूस ब्याऐंशी वर्षांत कधी 'क्षण' म्हणाला नव्हता, 'तिने' म्हणाला नव्हता. रोज सकाळी चहानंतर वाचून वाचून दीपमालानंच ते त्यांच्यात घातलं होतं. जुनं होतं ते हटवून तिथं हे बसलं होतं. आणि याची खूण काढायला कोणतीच सेटिंग नव्हती.

तिनं भिंतीतली वायरच उपटली. आबा दचकले. "लाइट गेली काय वो?" ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

त्या रविवारी शेजारच्या रूपालीला आबांपाशी बसवून ती अकोल्याला गेली. तिला केशवराव आठवले होते. आबांच्या गँगमधले मैलकुली, त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, आता मुलाकडे अकोल्यात राहणारे. आई काय म्हणाली होती, निदान ती ओव्या म्हणायची का, एवढं तरी ते सांगतील. एक जरी वाक्य खरं निघालं तरी ती त्यावर उरलेलं आयुष्य काढायला तयार होती.

केशवराव बाजेवर उठून बसले. कानानं कमी, पण डोकं लख्ख. चहा झाला. दीपमालानं आईचं नाव काढताच ते म्हणाले, "सुंदरा? बारीक होती. बोलेच ना. गिट्टी फोडाले आमच्यासंगं येत जाय."

"ओव्या म्हणे का, काका?"

"ओव्या?" केशवराव हसले. "कोठच्या ओव्या? घरी जातं तं असाले पायजे."

तिनं पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली. "मरताना ती काय म्हणे, ते तुमाले मालूम हाय काय? आबा तं तिच्यापाशीच होते म्हणतात."

म्हातारा पुढं वाकला. "किसन म्हणते असं?"

"हाव."

"मंग त्याचं डोकं गेलं पोरी, राग नको मानू." ते सुनेनं आत जाण्याची वाट बघत थांबले. "किसन नव्हता तिथं. आमी दोघं बी चिखलदऱ्याच्या घाटात होतो कामावर. ती चांदूर बाजारले तीन दिवस तापात होती. तिनं निरोप धाडला होता, येऊन जा म्हणून. एक नाई, दोनदा धाडला. पण त्याच हप्त्यात साहेब मुकादम नेमणार होता. काम सोडून गेला असता तं ती जागा दुसऱ्याले भेटली असती. मी म्हटलं, जाय गड्या. तो म्हणे, बुधवारी जातो. बुधवारी आमी पोचलो तं माती होऊन गेल्ती. तू शेजारनीच्या कडेवर होती. मुकादमकी भेटली त्याले. पन मले म्हणे, केशव, हे पोरीले कधी सांगू नको. नाई सांगतलं, बावन्न वर्सं. आता तूच इचारलं."

"तिच्यापाशी कोन होतं मंग?"

"कोनी नाई वो माय."

परतीच्या गाडीत तिला जागा मिळाली, पण ती दारापाशी उभीच राहिली. आबा का उठून बाहेर जायचे ते कळलं. भिंतीकडे बघत ते काय शोधत होते तेही कळलं. त्यांच्या त्या थांबण्यात बावन्न वर्षांचा एक बुधवार होता, तो तोंडापर्यंत येत असणार आणि परत जात असणार. कदाचित आणखी एक आठवडा, एक महिना तिनं वाट बघितली असती तर तो बाहेर आलाही असता. तिला राग आला, इतका की तिनं दाराची दांडी घट्ट धरली. आबांचा राग, त्या मशीनचा, स्वतःच्या करंगळीचा, सगळ्यांचा एकदमच. मूर्तिजापूर गेलं तेव्हा तिचं ठरलं होतं. ती अकरा पानं फाडायची आणि आबांना सरळ विचारायचं. तुमी नव्हते ना तिथं? आईचं एवढं एकच खरं उरलं होतं, की ती एकटी मेली, आणि ते तरी तिला बापाच्या तोंडून हवं होतं. तो तिचा हक्क होता.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. रूपाली गेली. आबा खुर्चीत होते, पानांचा गठ्ठा मांडीवर धरून.

"कुठी गेल्ती वो?"

"अकोल्याले."

"कचेरीत?"

"नाई आबा." ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली. "केशवकाकाले भेटून आली."

आबांचा हात पानांवर थांबला. सकाळचा चहा ज्यांना आठवत नव्हता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. इतकं जुनं की त्याला विसरण्याचाही हात पोचला नव्हता.

"काय म्हणे केशव?"

तिनं त्यांच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"काय सांगे तो?" त्यांनी तिचं मनगट धरलं. नखं रुतली. "मी होतो ना वो? दीपा, मी होतो ना तिच्यापाशी? उशाशी?"

आता विचारायचं, हीच वेळ, हे तिला कळत होतं. समोर ब्याऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"होते ना आबा," ती म्हणाली. "तुमीच तं होते."

"तिनं हात धरला ना माहा?"

"धरला."

"अन् काय म्हणे?"

"दीपाले शिकवा म्हणे." तिचा आवाज कुठंही अडखळला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. थांबता आलं असतं, पण आबा अजून बघत होते, अजून मागत होते, आणि तिच्या तोंडून पुढचं निघून गेलं, जे त्या अकरा पानांतही नव्हतं. "अन् म्हणे, तुमी उपाशी हाय, जेवून घ्या. बुधवार होता, तुमी घाटातून चालत आलते."

आबांची मनगटावरची पकड सैल झाली. त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून उतरल्या, आणि दीपमालानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आईच्या नावानं हसताना बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "जेवून घ्या म्हणे. मले आता आठवलं."